दाजी, मोजा काढा

“दाजी, नाटकं बास करा. बोट उचला.”

“उचलत नाही, सुदाम.”

“मग मघाशी चहाचा ग्लास कशानं धरलता? पायानं?”

गाळ्यात सगळे हसले. बँडची पोरं, ढोलवाला, झांजवाला, झाडू मारायला येणारी म्हातारी पण. मी हसलो नाही. मला राग आला की आधी कान गरम होतात. त्या दिवशी ते सकाळपासनंच गरम होते.

दाजी म्हणजे माझे पप्पा, हणमंत वायदंडे. सुदाम म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ आणि चंद्रलेखा ब्रास बँडचा मालक. पप्पा त्या बँडचे मास्तर होते. मास्तर म्हणजे सगळ्यात पुढं ट्रम्पेट वाजवत चालणारा. गाणं तोच उचलतो, तोच सोडतो, बाकीचे त्याच्या मागनं पळतात. मी मागं साइड ड्रमला. आदल्या वर्षी नववीत शाळा सोडली होती आणि आमच्या विट्यात मला दुसरं काही काम येत नव्हतं.

“परत धरा,” मामा म्हणला.

पप्पांनी ट्रम्पेट उचलली. तिला तीन बटणं असतात. पहिली दोन बोटं बटणांवर नीट बसली. तिसरं, करंगळीशेजारचं, बटणावर टेकलं, थरथरलं आणि आपोआप आत वळत वळत तळहातात जाऊन बसलं. हात लावला की पैसा किडा गुंडाळतो ना, तसं. पप्पांनी डाव्या हातानं ते सोडवून परत बटणावर ठेवलं. ते परत वळलं.

“बघितलं?” मामा सगळ्यांकडं बघून म्हणला. “ट्रम्पेट ठेवली की हात एकदम बरा. शर्टाची बटणं लावतोय, गाडी चालवतोय, भाकरी मोडतोय. फक्त माझं गाणं आलं की बोट आजारी. दाजी, खरं सांगा. कुणी फोडलं तुम्हाला? खानापूरवाल्यांनी?”

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. लग्नसराई तोंडावर आली की एक बँड दुसऱ्याचा मास्तर फोडतो. पण मास्तरनं एकदा एकाला शब्द दिला की मधनंच जाता येत नाही, अख्ख्या धंद्यात नाव जातं. मग काहीजण आजारी पडतात. आमच्या आधीच्या मास्तरनं ओठ सुजला म्हणून सांगितलं आणि अक्षय तृतीयेला दुसऱ्या बँडच्या पुढं सुजलेल्या ओठानं वाजवत चालला होता. तेव्हापासनं मामा कुणाच्या ताप-खोकल्यावर पण विश्वास ठेवत नव्हता.

“मी कुणाचा शब्द घेतलेला नाही,” पप्पा म्हणले.

“आईची शपथ घ्या.”

“मामा, तोंड सांभाळून,” मी म्हणलो.

“तू गप रे, नववी नापास.”

“नापास नाही. सोडली मी.”

“हां, शाळेनंच राजीनामा दिला असंल.”

परत सगळे हसले. मी ड्रमच्या काठ्या फेकल्या. एक काठी म्हातारीच्या सुपलीत पडली आणि ती मला मामापेक्षा जास्त शिव्या द्यायला लागली.

पप्पांनी ट्रम्पेट पुसली, पेटीत ठेवली, पेटीच्या दोन्ही कड्या त्याच हातानं टक टक लावल्या. मामानं त्या कड्यांकडं बोट दाखवलं आणि नुसत्या भुवया उडवल्या. मला वाटलं, निदान कड्या तरी नीट लावायच्या नव्हत्या.

*

घरी वेगळंच. आई चुलीम्होरं बसून पप्पांच्या हाताला गरम तेल चोळायची. चोळता चोळता बोलायची.

“माझा भाऊ खोटं बोलणारा नाही. माझा नवरा पण खोटं बोलणारा नाही. मग खोटं बोलतंय कोण?”

“बोट,” पप्पा म्हणायचे.

ती हसायची आणि मग रडायची. मला दोन्ही आवडायचं नाही.

दवाखाने पण केले. एका डॉक्टरनं मानेचा फोटो काढला आणि गळ्यात पट्टा घातला. पप्पा पट्टा घालून एका वरातीला गेले तर नवरदेवाचा चुलता म्हणला, मास्तर, घोडा तुम्ही आहात का तो? दुसऱ्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या. तिसरा हाडाचा होता, मोठा. पप्पांना म्हणला, मूठ करा. केली. उघडा. उघडली. माझं बोट दाबा. पप्पांनी असं दाबलं की तो ओय म्हणला. सही करा. पप्पांनी सुरेख सही केली, त्यांचं अक्षर चांगलं आहे.

“हात एकदम उत्तम आहे,” डॉक्टर म्हणला. “टेन्शन घेऊ नका. दारू पिता?”

“नाही.”

“बँडवाले ना?”

“बँडवाला आहे. पीत नाही.”

तो माझ्याकडं बघून हसला, म्हणजे आपण दोघं समजून घेऊ असं. मी समजून घेतलं नाही. जाताना त्याच्या दारावरची पाटी उलटी करून आलो.

चौथीकडं आई घेऊन गेली, ती डॉक्टर नव्हती. करणी आहे म्हणली. लिंबू उतरवला, नारळ फोडला, पप्पांच्या बोटाला काळा दोरा बांधला. दोरा बांधलेलं बोट ट्रम्पेटवर ठेवलं तर तसंच वळलं, दोऱ्यासकट. मी हसलो. पप्पा हसले नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं नाही, पण माझ्याकडं बघून बोलणं बंद केलं.

मामानं मात्र चारी ठिकाणच्या बातम्या काढल्या. “सगळे डॉक्टर म्हणतात हात चांगला आहे,” तो गाळ्यात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. “आता डॉक्टर खोटे आणि दाजी खरे का?”

मग त्यानं पप्पांना डमी केलं.

डमी म्हणजे सांगतो. पार्टी एकवीस माणसांचा बँड ठरवते. एकवीस कोट दिसले पाहिजेत. पण वाजवणारे असतात तेरा-चौदा. बाकीचे कुणी बिगारी, कुणी भाजीवाल्याचा भाऊ. त्यांना लाल कोट, टोपी घालायची, हातात एखादं वाद्य द्यायचं आणि तोंडाला लावून नुसतं चालायचं. चुकून फुंकलं तर आवाज येऊ नये म्हणून ट्रम्पेटच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबतात. शेवटच्या ओळीत चालतात डमी, लायटीपासनं लांब.

आधी दुसरीकडं, मग मामाकडं, अशी वीस वर्षं पुढं चाललेल्या माणसाला मामानं शेवटच्या ओळीत टाकलं. पुढं इक्बालला उभं केलं. इक्बाल चांगला पोरगा. तो पप्पांच्या पाया पडला आणि म्हणला, “मास्तर, मी नाही म्हणलो तर मला काढतील.”

“वाजव,” पप्पा म्हणले. “वरचा सूर घाईत पकडू नको. फाटतो तुझा.”

रात्री मी आईला विचारलं, तुझा भाऊ माणूस आहे का? तिनं मला लाटणं दाखवलं. मारलं नाही.

*

वैशाखात एका कॉन्ट्रॅक्टरच्या पोराचं लग्न होतं. दुपारचा परण्या, म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळात जातो तो. डांबर पायाला चिकटत होतं. कॉन्ट्रॅक्टरनं पुण्यात कुठंतरी बघितलं होतं म्हणून त्याला बँडच्या प्रत्येक माणसाच्या हातात पांढरे मोजे पाहिजे होते. मामानं मोज्यांचं गाठोडंच आणलं. कापडी, पातळ, शाळेतल्या परेडला असतात तसे. ढोलवाल्याचे पहिल्या पाच मिनिटांत फाटले. इक्बालचे घामानं ओले झाले आणि बटणांवरनं बोटं सटकायला लागली.

मी ड्रम वाजवत मान वळवली की शेवटची ओळ दिसायची. पप्पा ट्रम्पेट तोंडाला लावून चालले होते. गाल फुगवत नव्हते, नुसते. पण बोटं हलत होती. सवय ती, गाणं सुरू झालं की त्यांची बोटं झोपेत पण हलायची. मी एकदा बघितलं, परत बघितलं. ड्रमचा ठेका चुकला, झांजवाल्यानं मला कोपर मारलं.

तिसरं बोट हलत होतं. वर, खाली. वर, खाली. पांढऱ्या मोज्यात सरळ, शहाण्यासारखं.

पप्पांच्या पण ते लक्षात आलं. त्यांनी ट्रम्पेट खाली घेतली, हाताकडं बघितलं. मग चालता चालताच तिच्या तोंडातला बोळा ओढून काढला आणि रस्त्यावर टाकला.

चौकात पोरं नाचत होती. देवीचं गाणं चाललं होतं, ज्यात शेवटी सूर वर वर जातो आणि तिथंच थांबतो. इक्बाल वर गेला, त्याचं बोट सटकलं आणि सूर कोंबडी दाबल्यासारखा फाटला. नाचणारी पोरं थांबली. आणि मागनं, डमीच्या ओळीतनं, तोच सूर आला. स्वच्छ. लांब. मला काय सांगायचं ते सांगता येत नाही. घोडा पण कान टवकारून उभा राहिला.

इक्बाल बाजूला झाला. पप्पा वाजवत वाजवत पुढं आले, आमच्या मधनं, आणि त्यांच्या जागी उभे राहिले. तीन गाणी वाजवली त्यांनी. कॉन्ट्रॅक्टर स्वतः नाचला, ज्याला नीट चालता येत नव्हतं. मी ड्रमवर असा तुटून पडलो की चामडं फाटायचं राहिलं. मला वाटलं, संपलं. बोट आलं. आता मामाला बघतो.

मी मामाकडं बघितलं. तो फुटपाथवर उभा होता आणि हसत होता. चांगलं हसत नव्हता.

*

लग्न लागलं. बँडवाल्यांना सगळ्यात शेवटी मांडवामागं बसवतात, तसं आम्हाला बसवलं. पत्रावळीवर भात आला होता, आमटी यायची होती. मामा आला आणि पप्पांसमोर उकिडवा बसला.

“काय दाजी, आलं का बोट माहेराहून?”

“मोज्यानं आलं, सुदाम.”

“कशानं?”

“मोजा घातला ना, तर उठलं ते. मला पण कळंना. हात माझा नाही असं वाटलं. म्हणून बहुतेक ते वळायचं विसरलं.”

मामानं एकदा सगळ्या ओळीकडं बघितलं. “ऐकलं का रे? मोज्यानं. तीन डॉक्टर, एक देवऋषीण, माझ्या बहिणीचं किलोभर तेल, कशानं नाही, आणि मोज्यानं!” मग त्यानं आवाज खाली आणला. “दाजी, मोजा काढा.”

“सुदाम, जेवू दे.”

“काढा. वाजवा.”

पप्पांनी मोजा काढला. ट्रम्पेट उचलली. तिसरं बोट थरथरलं आणि वळून आत गेलं.

“घाला.”

मोजा घातला. बोट सरळ. एक सूर वाजवला.

“काढा.”

वळलं.

“घाला.”

सगळे हसत होते. आमटीवाला वाढायचं सोडून बादली घेऊन बघत उभा होता. मामा काढा-घाला म्हणत होता आणि पप्पा काढत होते, घालत होते. दरवेशी अस्वलाला उठ-बस सांगतो तसं. मला वाटत होतं आता ते थांबतील, आता त्या मामाच्या तोंडावर भात मारतील. पण ते बघत होते स्वतःच्याच बोटाकडं. त्यांना पण कळायचं होतं. ते प्रत्येक वेळी खरंच बघत होते की आता काय होतंय.

“दाजी,” मामा म्हणला, “ढोंग करायचं तर जरा अवघड तरी करायचं. हे तर बारकं पोरगं पण पकडंल.”

मी उठलो आणि त्याची कॉलर धरली. तो पडला, मी वर. एक ठोसा बसला त्याच्या कानावर, चांगला बसला. दुसरा उचलला तर कुणीतरी मला मागनं ओढलं आणि एक सणसणीत थोबाडीत बसली.

पप्पा होते.

“मामा आहे तो तुझा.”

“आणि तुम्ही कोण आहात माझे?” मी ओरडलो. “अस्वल?”

आमटीवाल्यानं बादली खाली ठेवली. भटजीचा माइक तेवढा चालू होता. पप्पांनी लाल कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट घडी करून मामासमोर, आपल्या पत्रावळीशेजारी ठेवला आणि बनियनवर, पांढरी विजार घालून, भर लग्नातनं चालत बाहेर गेले. उजव्या हातात एक मोजा तसाच होता. काढायचा राहिला होता का काढला नाही, मला माहिती नाही.

*

पुण्याला मी घेऊन गेलो त्यांना. ते येत नव्हते. म्हणले, “कशाला? तिथं पण मूठ करा, उघडा.” मी म्हणलो, “नाही आलात तर गाळा पेटवतो.” मी पेटवला असता, ते त्यांना माहिती होतं. ट्रम्पेट पिशवीत घालून मी घेतली. हा चौथा डॉक्टर पण हात उत्तम म्हणला तर त्याच्या कानात वाजवायची, असं ठरवलं होतं.

मोठा सरकारी दवाखाना. मेंदू आणि नसांचा विभाग. बाकावर सगळी बेकार हालतीतली माणसं. एकाचा अर्धा चेहरा झोपलेला. एका बाईचं डोकं नाही-नाही नाही-नाही म्हणत हलत होतं, तिला काही विचारलं नसताना. पप्पा त्यांच्यामध्ये बसायला लाजत होते. “ह्या लोकांना खरंच झालंय,” म्हणले. “आपण उठू.”

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, सर्दीनं नाक लाल झालेलं. मी आत गेल्या गेल्या म्हणलो, “सगळं नॉर्मल आहे असंच म्हणायचं असलं तर आत्ताच सांगा. आम्हाला एसटी गाठायचीय.”

“तू पेशंट आहेस?”

“नाही.”

“मग खाली बस.”

मूठ करा, उघडा. झालं. लिहा. लिहिलं. ग्लासात पाणी ओता. ओतलं, थेंब सांडला नाही. माझे कान तापायला लागले. मॅडमनी पेन ठेवलं.

“बोट कधी वळतं?”

“ट्रम्पेट वाजवताना,” पप्पा म्हणले.

“कुठाय ट्रम्पेट?”

आजवर कुणी विचारलं नव्हतं हे. एकानं पण नाही. सगळ्यांनी रिकामा हात तपासला होता. मी पिशवी टेबलावर आपटली.

“इथं वाजवू?” पप्पा म्हणले. “आवाज मोठा आहे, मॅडम.”

“वाजवा हो.”

पप्पांनी वाजवली. त्या छोट्या खोलीत म्हणजे भिंतीच हलल्या. बाहेर कुणाचं तरी ताट पडलं. सिक्युरिटीवाला काठी घेऊन पळत आला आणि दारात थबकला. मॅडम टेबलावर वाकून फक्त बोट बघत होत्या. ते वळलं. त्या म्हणल्या, परत. परत वळलं. त्यांनी सिक्युरिटीवाल्याला हातानं जा म्हणलं.

“अजून काही बघितलंय तुम्ही? कशानं बरं वाटतं, कशानं वाढतं?”

“नाही,” पप्पा म्हणले.

मी त्यांच्याकडं बघितलं. “पप्पा.”

“नाही म्हणलं ना.”

“मोजा.”

“गप बस.”

“खिशात आहे त्यांच्या,” मी म्हणलो. “मोजा घातला की उठतं.”

पप्पा माझ्यावर चिडले. मग हळू म्हणले, “ह्या पण तेच म्हणतील रे.” तेव्हा मला कळलं. मामाला नाही, ते आता स्वतःलाच भीत होते. मोजा म्हणजे ढोंगाचा पुरावा असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मी त्यांच्या खिशात हात घातला, मोजा काढला, त्यांच्या मांडीवर टाकला. त्यांनी कितीतरी वेळ घेतला तो घालायला. करंगळी चुकून दुसऱ्याच बोटात घातली, परत काढली. मग ट्रम्पेट उचलली.

बोट सरळ. गाण्याची अर्धी ओळ वाजवून ते थांबले आणि मान खाली घातली, म्हणजे आता काय बोलायचं ते बोला.

मॅडम हसल्या नाहीत. नाक पुसलं आणि म्हणल्या, “ही तर त्याची खूण आहे.”

“कशाची?”

“डिस्टोनिया म्हणतात. बोट चांगलं आहे तुमचं, हाड चांगलं, नस चांगली. मेंदूत प्रत्येक बोटाची आपापली जागा असते. एकच काम बारीक बारीक, वर्षानुवर्षं केलं की काहीजणांच्या त्या जागा एकमेकींत सांडतात. एकाला दिलेला हुकूम शेजारच्याला पण जातो. तो पण फक्त त्याच कामाला. शिंप्याला सुई धरली की होतं, कारकुनाला पेन धरलं की. चहाचा ग्लास धरायला काहीच होत नाही.”

“आणि मोजा?” मी विचारलं.

“स्पर्श बदलला की मेंदू जरा वेळ फसतो. त्याला वाटतं हे वेगळंच काम आहे. काही दिवसांनी तो मोज्याला पण ओळखतो, मग चालत नाही.” त्यांनी पप्पांकडं बघितलं. “ढोंग करणाऱ्याला हे सुचत पण नाही.”

ढोंग हा शब्द आम्ही काढला नव्हता. त्यांनीच काढला. रोज कोणीतरी तो घेऊन येत असणार.

पप्पा पुढं सरकले. मला वाटलं विचारतील, बरं होईल का, इंजेक्शन आहे का, परत वाजवता येईल का. मी तेच विचारणार होतो. पप्पांनी टोपी हातात घेतली आणि विचारलं,

“म्हणजे मॅडम, मी खोटं करत नव्हतो ना?”

मी उठून खिडकीकडं गेलो. खाली ॲम्ब्युलन्स उभी होती, तिच्या चाकाकडं बघत बसलो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माणूस. स्वतःचं बोट, स्वतःचा हात. आणि खरं का खोटं ते परक्या बाईला विचारतोय. मामाला मी कानावर एकच ठोसा मारला होता. कमी मारला होता.

“नाही,” मॅडम म्हणल्या. “तुम्ही खोटं करत नव्हता.”

बाकीचं त्यांनी नंतर सांगितलं. पहिल्यासारखं होईल असं सांगता येत नाही. इंजेक्शनं आहेत, कुणाला लागू पडतात, कुणाला नाही. नव्यानं, वेगळ्या पद्धतीनं शिकून बघता येतं. पप्पा ऐकत होते का मला माहिती नाही. ते मोज्याची घडी घालत होते.

*

स्टँडवर उतरल्यावर मी पप्पांना घरी जाऊ दिलं नाही. सरळ गाळ्यावर. मामा खुर्चीत बसून कोटांना इस्त्री करून घेत होता. कानाशेजारी अजून काळंनिळं होतं. आई पण तिथंच होती. भावाची समजूत घालायला आली असणार, पदर तोंडाला लावून उभी.

मी सगळं सांगितलं. एका दमात. डिस्टोनिया शब्द दोनदा म्हणलो, कारण पहिल्यांदा जीभ अडकली. मेंदूतल्या जागा, शिंपी, कारकून, मोजा, सगळं. आई मधेच खाली बसली. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली.

मामा ऐकत होता. मग म्हणला, “म्हणजे मेंदूचं आहे.”

“हो.”

“म्हणजे डोक्याचं.” त्यानं कानापाशी बोट नेलं आणि गरागरा फिरवलं. “अहो दाजी, मग आधीच सांगायचं ना! डोक्यावर परिणाम झालाय म्हणून. वेड्या माणसावर मी रागावलो असतो का?”

पोरं हसली. या वेळी जरा हळू, दया आल्यासारखी. ते जास्त घाण होतं.

मी बाकडं उचललं. लाकडी, लांब. ते मी फेकणारच होतो, पण मनगट धरलं कुणीतरी. पप्पांनी. उजव्या हातानं, पाची बोटांनी, अशी पकड की बाकडं खाली ठेवावंच लागलं.

“वेडा म्हण, सुदाम,” पप्पा म्हणले. “चालंल. खोटारडा म्हणायचं नाही इथनं पुढं.”

मामा काहीतरी बोलायला गेला. आई मधे आली. भावाच्या समोर जाऊन उभी राहिली. मामानं खाली बघितलं आणि म्हणला, “बरं.”

एवढंच. बरं. दुकानदार सुट्टे नाहीत म्हणल्यावर गिऱ्हाईक म्हणतं तसं.

रस्त्यात मी पप्पांशी भांडलो. “चालंल? कुणाला चालंल?”

“मला.”

“मला नाही चालत! वेडा पण नाही चालत आणि खोटारडा पण नाही चालत. त्यानं सगळ्यांसमोर माफी मागितली पाहिजे.”

“माफी मागून बोट उठणार आहे का?”

“बोट गेलं खड्ड्यात!”

आई मागनं येत होती. म्हणली, “हळू बोल, लोक बघतात.” मी म्हणलो, बघू दे, आयुष्यभर लोकांनी बघायचे पैसे दिलेत आपल्याला.

तीन वर्षं झाली याला. इंजेक्शनं घेतली, बोट ढिलं पडतं पण वेळेवर खाली येत नाही. मोज्याचं महिनाभर चाललं, मग मॅडम म्हणल्या तसं डोक्यानं मोजा ओळखला. मग एक दिवस पप्पांनी ट्रम्पेट उलटी धरली. डाव्या हातानं. पहिलीतल्या पोरानं बाराखडी गिरवावी तसं रोज सा पासनं. दोन वर्षं गल्लीनं ते ऐकलं. शेजारची बाई म्हणली, मास्तर, मांजर पाळलंय का? तिच्याशी पण भांडलो मी. पप्पा हसले तेव्हा.

डाव्या हाताला सहा गाणी येतात आता. वरचा सूर अजून डगमगतो. मामाचा बँड सोडून आम्ही आमचा काढलाय; पप्पा, इक्बाल, मी, ढोलवाला आणि दोघं अशी सहा माणसं आहोत. डमी नाहीत. कोट भाड्याचे, त्यातला माझा बाईचा आहे असं मला वाटतं. आज पहिला परण्या आहे आमचा.

देवळाकडं जायला दोन रस्ते आहेत. एक स्टँडच्या मागनं, सावलीचा. दुसरा मेन रोड, मामाच्या गाळ्याच्या दारावरनं. पप्पांनी मागचा सांगितला होता. घोडेवाल्याला मी सकाळीच मेन रोड सांगून आलोय. आणि गाळ्यासमोर देवीचं गाणं. आत्ता पप्पांना कुणीतरी ते सांगितलंय, ते दारात येऊन उभे आहेत माझ्याकडं बघत. फाटला सूर तर फाटला. वाजवणार तर खरंच आहेत.

इक्बाल बाहेरनं बोंबलतोय, नवरदेव घोड्यावर बसला म्हणून. मला निघायला पाहिजे.